दादाच्या कॉम्प्युटरमधला ‘नको’

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी कागदाचे गठ्ठे असायचे तिथं माणसं मांडी ठोकून बसली होती. उरलेली पायरीवर होती आणि त्यांच्या मागची रस्त्यावर टाचा उंचावून उभी होती. सगळ्यांचे डोळे एकाच टेबलाकडे लागले होते. टेबलावर माझ्या दादाचा जुना कॉम्प्युटर होता, पडद्यावर पांढरं कापड टाकलेलं होतं आणि शेजारच्या खुर्चीत शाल पांघरून लहरीमहाराज बसले होते.

महाराजांनी डाव्या हाताच्या करंगळीनं बटण दाबलं. यंत्र घरघरलं आणि आवाज आला, “चला, लागा कामाला!”

लोकांच्या अंगावर काटा आला. माझ्याही आला, खोटं कशाला सांगू? तो आवाज दादाचा होता, आणि दादाला जाऊन वर्ष होत आलं होतं.

“शरीर म्हणजे हार्डवेअर,” महाराज डोळे मिटून म्हणाले. “ते झिजतं, भंगारात जातं. आत्मा म्हणजे सॉफ्टवेअर. तो डिलीट होत नाही. एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये जातो, एवढंच!”

“आणि व्हायरस, महाराज?” पायरीवरून कुणीतरी विचारलं.

“व्हायरस म्हणजे शंका,” महाराज म्हणाले, आणि माना डोलल्या.

मग प्रश्न सुरू झाले. एकीनं विचारलं, मुलानं परगावची नोकरी धरावी का? कॉम्प्युटर म्हणाला, “अहं, नको.” एकानं विचारलं, भावाशी बोलणं पुन्हा सुरू करू का? “अहं, नको.” माझा दादा आयुष्यभर लोकांची भांडणं मिटवत आला होता. मेल्यावर त्याला एवढा आडमुठेपणा कुठून सुचला, हे एकाच्याही मनात येऊ नये?

शेवटी वहिनी पुढे सरकली. हल्ली ती समोरचं बघायलासुद्धा मान इकडून तिकडे फिरवत असे. हात जोडून तिनं विचारलं, “अहो, डॉक्टरीणबाई फार मागे लागल्यात. डोळ्याचं ऑपरेशन करून घेऊ का?”

“अहं, नको.”

मी ताडकन उभा राहिलो. उभा राहिलो खरा, पण चारचौघांत माझी जीभ टाळ्याला चिकटते. शाळेत इतकी वर्षं शिकवलं, पण फळ्याकडे तोंड करून. “मला वाटतं,” मी म्हणालो, “म्हणजे माझी चूकही होत असेल... पण हा आवाज आधीच भरून ठेवलेला... म्हणजे तसं असू शकेल...”

महाराज रागावले नाहीत. हसून कॉम्प्युटरकडे वळले. “दादासाहेब, आपल्या धाकट्या बंधूंचं म्हणणं खरं धरायचं का?”

“अहं, नको.”

दुकान हशानं दणाणलं. शेजारच्या टेलरमास्तरांनी माझा सदरा खेचून मला खाली बसवलं. “गुरुजी, भावाचं तरी ऐका,” ते म्हणाले. मी खाली बसलो.

हे सुरू कसं झालं ते सांगतो. दादाचं घराला लागून छोटं दुकान होतं. पत्रकं, बिलबुकं, पाट्या, सगळं तो कॉम्प्युटरवर जुळवून छापून द्यायचा. कानांवर मोठे हेडफोन चढवून दिवसभर त्या यंत्रापुढे बसायचा, आणि त्याला हात लावायची परवानगी कुणालाच नव्हती. तो गेल्यावर दुकान बंदच होतं. मग भिंतीवर लावायला दादाचा एखादा चांगला फोटो हवा म्हणून वहिनीनं टेलरमास्तरांना बोलावून यंत्र चालू करून घेतलं. हेडफोनची वायर मास्तरांच्या पायात अडकून निघाली, आणि पडद्याच्या आतल्या स्पीकरमधून दादा बोलला, “चला, लागा कामाला!” पडद्यावर दादा हसत होता. थोड्या वेळानं तो आपोआप नाहीसा झाला आणि तिथं तरुणपणची वहिनी आली. वहिनीनं पडद्याला हात जोडले. मास्तरांच्या ओळखीत ‘आत्म्यांच्या लहरींचे जाणकार’ असलेले एक गृहस्थ होते, तेच हे महाराज. त्यांना यंत्रासोबत एक अख्खा दिवस एकांत हवा होता. तो मिळाला, आणि त्यानंतर दादा प्रश्नांची उत्तरं द्यायला लागला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. गप्प बसणं मला चांगलं जमतं. पण वहिनीला काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढून कडेची नजर जात चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं होतं, “ह्या दुखण्यात जेवढी नजर जाते तेवढी कायमची जाते. आम्ही फक्त उरलेली वाचवू शकतो. थेंबांनी आता दाब आटोक्यात राहत नाही. ऑपरेशन लवकर करा.” आणि वहिनी ऑपरेशन तर सोडाच, डॉक्टरांचे थेंबही बंद करून बसली होती. त्याऐवजी ती महाराजांचं ‘लहरीजल’ डोळ्यांत घालायची. बैठकीच्या वेळी पडद्यासमोर ठेवलेलं बाटलीभर पाणी, दुसरं काही नाही.

बैठक संपल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. वहिनी चहा गाळत होती, आणि अर्धा चहा कपाच्या बाहेर सांडत होता.

“वहिनी, डावीकडचं दिसत नाहीये तुला.”

“दिसेल. महाराज म्हणालेत, लहरी मुरायला वेळ लागतो.”

“लोणचं आहे का ते, मुरायला?”

“भाऊजी, तुम्हाला पुस्तकात सापडत नाही ते जगात नसतंच का?” तिनं कप माझ्यासमोर आपटला. “मी चाळीसच्या वर वर्षं ऐकलाय तो आवाज. तो त्यांचा नाही म्हणता?”

“आवाज त्याचाच आहे.”

“मग झालं तर!”

 मनात हजार वाक्यं होती, आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘असं मला वाटतं’ होतं. महाराजांच्या एकाही वाक्याला ती शेपूट नव्हती. लोक खात्रीच्या मागे जातात, मग ती खात्री कशाची का असेना. घरी जाताना मी स्वतःवर इतका चिडलो होतो की आपल्याच फाटकाला लाथ मारली, आणि मग दोन दिवस लंगडत होतो.

पण पाय चोळत बसल्या बसल्या एक गोष्ट ध्यानात आली. दादा फक्त ‘नको’ म्हणत होता. ‘हो’ एकदाही नाही. महाराजांना जिथं होकार हवा असे तिथं ते प्रश्न उलटा घालत. “ही जागा बैठकांसाठी कायमची द्यायला आपली हरकत नाही ना, दादासाहेब?” यंत्र गप्प. “पाहा, काही बोलले नाहीत. हरकत नाही!” ज्याला एकच शब्द येतो अशा आत्म्याला प्रश्न जपून विचारावे लागतात.

दुसऱ्या दिवशी धूळ झटकायची म्हणून मी दुकानाची किल्ली मागून घेतली. कापड काढलं, यंत्र चालू केलं. “चला, लागा कामाला!” एकट्यानं ऐकताना मी नकळत मागे वळून पाहिलं. क्षणभर वाटलं, आपणच मूर्ख असू तर? वहिनीचं खरं असेल तर? पण तसं असेल तर तेही तपासूनच कळणार होतं.

कॉम्प्युटरमधलं मला फार कळत नाही. पण मध्यंतरी माझ्या घरच्या यंत्रावरची अक्षरं मोठी करायला गेलो होतो आणि एक अख्खी दुपार त्या सेटिंगमध्ये हरवलो होतो. पडद्यामागचं चित्र कुठलं, अक्षर केवढं, बाण कसा दिसावा, कुठल्या वेळी कुठला आवाज वाजावा, हे सगळं तिथं आपल्या आवडीनुसार बदलता येतं. त्या दिवशी मला हवं ते सापडलं नव्हतं, पण वाट पायाखालची झाली होती.

पडद्यावरचं चित्र आपोआप का बदलतं ते लगेच कळलं. दादानं घरचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवले होते आणि ‘अर्ध्या तासानं पुढचं चित्र’ असं सांगून ठेवलं होतं. दर्शन म्हणजे एवढंच. बाण अंगठ्याएवढा जाड होता, अक्षरं पाटीवरच्यासारखी ठसठशीत.

मग आवाज उघडले. कॉम्प्युटर सुरू झाला की, कचरापेटी रिकामी केली की, नवं काही जोडलं की, आपलं काही चुकलं की, अशा प्रत्येक प्रसंगाला एक आवाज लावलेला असतो. बहुतेकांच्या यंत्रावर ते बारीक टिंगटिंग असतात. दादानं प्रत्येक टिंग काढून तिथं स्वतःचं बोलणं भरलं होतं. कचरापेटी रिकामी केली की “गेलं एकदाचं!” काही जोडलं की “आलं बघ.” मी एकेक वाजवत गेलो आणि एकटाच हसत बसलो.

हसता हसता थांबलो. दादानं हे केलं कशासाठी? गंमत म्हणावी, तर त्यानं कुणाला ऐकवलं का नाही?

पडताळा घ्यायचा म्हणून मी यंत्राचे मूळचे आवाज लावून पाहिले. फार बारीक, फार उंच. मलाच जेमतेम ऐकू आले. मग आठवलं. दारावरची घंटा वाजली तरी दादा उठायचा नाही. कुकरच्या शिट्ट्या होऊन होऊन भाजी करपायची आणि तो बाजूलाच पेपर वाचत बसलेला असायचा. आम्ही म्हणायचो, हट्टी आहे, आळशी आहे. वयाबरोबर कानाला आधी असे उंच, बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. माणसाचं जाड बोलणं येत राहतं. दादाला यंत्राची टिंगटिंग ऐकूच येत नव्हती. म्हणून त्यानं तिथं आपला घोगरा आवाज भरला, वर हेडफोन चढवले, आणि एवढी साधी गोष्ट आमच्यापासून लपवली. मला वाईट वाटलं, आणि त्याचा रागही आला.

आता ‘नको’चा शोध. आपलं काही चुकलं की वाजतो तो आवाज उघडला. “अहं, नको.” बस, एवढाच. पण त्याच फोल्डरमध्ये त्याच्या शेजारी दुसरी, जरा लांब फाईल होती. ती मी पुन्हा पुन्हा वाजवून ऐकली. आधीची फाईल ह्याच आवाजातून कापून काढलेली होती. फाईल कधी बनली ते यंत्र स्वतः दाखवतं. लांब फाईल दादा असतानाची होती. कापलेली फाईल दादा गेल्यानंतरची होती, महाराजांच्या एकांतवासाच्या दिवशीची.

तरी हा आवाज हुकुमावर कसा वाजतो? यंत्राची मागची बाजू पुसताना नखाएवढा एक तुकडा खुपसलेला दिसला. बिनवायरच्या माऊसचा असतो तसा. दादाचा माऊस वायरचा होता. म्हणजे दुसरा एक माऊस कुठेतरी होता, आणि महाराजांचा उजवा हात शालीबाहेर आलेला मी कधीच पाहिला नव्हता.

पुढचं मी स्वतः करून पाहिलं. एखादं काम उघडून ते बंद करायला गेलं की यंत्र एक चौकट पुढे करतं, ‘जतन करायचं का?’ तिला उत्तर न देता बाहेर कुठेही माऊस दाबला की यंत्र हटकतं. दरवेळी हटकतं. “अहं, नको.” दाबलं, “अहं, नको.” सुरुवातीला महाराज कापडाखाली डोकं घालून ‘लहरी जुळवत’, तेव्हाच ही चौकट मांडून ठेवत, आणि ती कुणाला दिसू नये म्हणून पडद्यावर पांढरं कापड. सांगायचे, आत्म्याचं तेज लोकांना सहन होत नाही!

धावतच वहिनीकडे गेलो. सगळं सांगितलं. निदान मला तरी ते नीट सांगितल्यासारखं वाटलं.

ती शांतपणे म्हणाली, “महाराज म्हणालेच होते, तुम्ही यंत्रात हात घालाल आणि असं काहीतरी घेऊन याल.”

“चल, तुला दाखवतो.”

“नाही बघायचं मला. माझ्याशी एवढं एकच माणूस बोलतं आता. तेही काढून घ्यायचंय का तुम्हाला?”

 रागानं डोकं फुटायची वेळ आली होती. तिच्यावर राग नव्हता. तिच्या एकटेपणाला दुकान समजून त्यात गल्ला मांडून बसला होता त्या माणसाचा राग होता. आणि माझाही होता. एवढं कळूनही जो चार माणसांसमोर एक वाक्य धड बोलू शकत नाही, त्या माझा.

मग मनात आलं, मी कशाला बोलायला हवं? यंत्र आहे की.

किल्ली अजून माझ्याकडेच होती. बैठकीच्या आदल्या दिवशी मी दुकानात बसून दादाच्या हेडफोनच्या माईकमध्ये बोललो. पहिल्यांदा खोकला आला, नंतर शब्द अडकले, नंतर ‘मला वाटतं’ आलं. ते पुसून पुन्हा, पुन्हा बोललो. एकटं असताना माणसाला हवं तितक्या वेळा चुकता येतं. शेवटी एक बरं जमलं. ते मी ‘नको’च्या जागी लावलं, सगळं पूर्ववत ठेवलं, कापड टाकलं आणि किल्ली परत केली.

बैठकीला गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. वहिनी अगदी पुढे, पहिला प्रश्न तिचाच. आज ती शेवटचा कौल मागणार होती, कारण डॉक्टरीणबाईंनी दिलेली ऑपरेशनची तारीख जवळ आली होती आणि ती रद्द करायची की नाही ते ठरवायचं होतं.

“दादासाहेब,” महाराजांनी आवाज लावला, “ह्या माउलीनं सुरीखाली जावं का?”

शाल किंचित हलली. आणि स्पीकरमधून माझा, माझाच चिरका आवाज आला:

“वहिनी, मी दादा नाही. मी तुझा दीर. महाराजांचा शालीखालचा हात बघा, त्यात माऊस आहे.”

 महाराज दचकले. सवयीनं बोट पुन्हा दाबलं गेलं.

“वहिनी, मी दादा नाही. मी तुझा दीर. महाराजांचा शालीखालचा—”

घाबरून त्यांनी पुन्हा दाबलं. “वहिनी, मी दादा नाही—” पुन्हा. “वहिनी, मी—”

“अहो, थांबवा ते!” महाराज ओरडले.

“तुम्ही दाबायचं थांबवा, ते आपोआप थांबेल,” मी म्हणालो. हे वाक्य मात्र सरळ माझ्या तोंडून निघालं. त्याचं मलाच आश्चर्य वाटलं.

पायरीवरून कुणीतरी फिसकन हसलं. टेलरमास्तर उठले. माणूस भोळा होता, पण शिवणकामातला होता. कापडाखाली काय फुगतंय ते त्यांना बरोबर कळलं. त्यांनी शाल एका झटक्यात ओढली. महाराजांच्या मुठीत काळा माऊस होता.

“महाराज, हे काय?”

“हे... हे लहरींचं माध्यम आहे!”

“माझ्या नातवाकडे पण आहे हे माध्यम,” मास्तर म्हणाले. “गेम खेळतो त्यावर.”

मी कापड काढलं, ‘जतन करायचं का?’ची चौकट सगळ्यांना दाखवली आणि मास्तरांच्याच हातात माऊस दिला. “दाबा.” त्यांनी दाबलं, माझा आवाज आला. एका बाईंनी दाबलं, पुन्हा आला. लोक रांगेनं येऊन दाबायला लागले. माझं एवढं ऐकणारे लोक मला आयुष्यात भेटले नव्हते.

महाराजांनी गडबडीचा फायदा घेतला. “ह्या यंत्रात दुष्ट शक्ती शिरली आहे!” असं म्हणत ते बाहेर पडले. आणि ऐका, सातआठ माणसं त्यांच्या मागोमाग गेली. सगळं डोळ्यांनी बघून गेली. त्यातला एक जाता जाता मला म्हणाला, “तुम्ही चांगली जागा बाटवलीत.” काय करावं अशांचं? मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

सगळे पांगल्यावर वहिनी तशीच बसून होती. “झालं समाधान?” ती म्हणाली. “गप्प केलंत त्यांना.”

“नाही गं. त्याला गप्प कुणी दुसऱ्यानंच केलं होतं. त्याचं अर्धं बोलणं कापून टाकलं होतं. पूर्ण ऐकतेस?”

 मी लांब फाईल लावली. दादाचा घोगरा, वैतागलेला, हसू दाबणारा आवाज आला:

“अहं, नको लेका! किती वेळा सांगू? आधी नीट वाच, मग दाब!”

वहिनीनं मान वर केली. “लेका? मला का लेका म्हणतील ते?”

“तुला नाही. स्वतःला. त्याला यंत्राची घंटी ऐकू येत नव्हती, म्हणून चुकला की स्वतःच स्वतःला ओरडायची सोय करून ठेवली होती त्यानं.”

मग मी घंटेचं, कुकरचं, हेडफोनचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मध्येच तोंडाला पदर लावला. ती हसतेय की रडतेय ते कळेना. दोन्ही असावं.

“बहिरा झाला होता माणूस,” ती शेवटी म्हणाली, “आणि मी त्यांच्या अंगावर ओरडायचे, ऐकून न ऐकल्यासारखं करता म्हणून. मला सांगायला काय झालं होतं? डॉक्टरकडे जायला काय झालं होतं?”

हे बोलली आणि एकदम गप्प झाली. आपण आत्ता काय म्हणालो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं. मी काहीही बोललो नाही. कधी कधी न बोलण्याचाही उपयोग होतो.

“ती तारीख,” पदर सारखा करत ती म्हणाली, “रद्द केली नाही ना अजून?”

ऑपरेशनच्या आधी वहिनीनं डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचारून हैराण केलं. दाब म्हणजे काय? थेंब का पुरत नाहीत? दाब उतरवायला भोक कुठं पाडणार? बिघडलं तर काय? बाईंनी कागदावर डोळा काढून एकेक समजावलं आणि जिथं ठाऊक नव्हतं तिथं “हे आत्ता सांगता येणार नाही” असंही म्हटलं. वहिनी मला हळूच म्हणाली, “बघा, ह्यांना सगळं ठाऊक नाही.” मी म्हणालो, “म्हणूनच ह्यांच्यावर विश्वास ठेवायचा.”

ऑपरेशन नीट पार पडलं. उरलेली नजर वाचली. पण डाव्या बाजूची, त्या लहरीजलाच्या महिन्यांत गेली ती गेली. हे लिहिताना अजून माझं रक्त तापतं. तो माणूस आता दुसऱ्या वस्तीत बैठका घेतो असं ऐकतो. तिथं बहुतेक कुणाचा तरी मोबाईल बोलत असेल.

म्हणून वाचणाऱ्याला हात जोडून विनंती आहे. आवाज ओळखीचा आहे एवढ्यावर जाऊ नका. तो कुठून येतो ते विचारा. पडदा झाकला असेल तर उघडायला सांगा. उत्तर नेहमी एकाच माणसाच्या सोयीचं येत असेल तर त्या माणसाचे दोन्ही हात टेबलावर ठेवून घ्या. विचारल्यावर कुणी चिडलं तर चिडू द्या. तुमच्या मनात माझ्यासारखी शंका असेल, बोलताना जीभ अडखळत असेल, तरी विचारा. शंका हा व्हायरस नाही. शंकेला उशीर झाला की काय जातं, ते मी रोज बघतो. वहिनीशी बोलायचं असलं की मी आता तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसतो.